ट्वायलाच्या ब्युइकमधली पकड

मित्रांनो, मी एक जुना टॉर्क कन्व्हर्टर आहे. नाव परकं वाटलं तरी बिचकू नका. ज्यांच्या गाडीत मी आयुष्य काढलं, त्यांनीही मला मोजक्याच वेळा डोळ्यांनी पाहिलं आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या अंधाऱ्या पोकळीत माझी जागा. दोन परातींची तोंडं एकमेकींवर ठेवून कडेने सांधली तर जे दिसेल, तसा मी दिसतो. मला दिसत काहीच नाही, पण लोखंडातून आवाज चांगला पोचतो. त्यामुळे गाडीत, गॅरेजमध्ये आणि एकदा तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर जे बोललं गेलं, ते सगळं मी ऐकलं आहे, आणि जे दिसलं नाही ते त्या बोलण्यातूनच जोडून घेतलं आहे.

माझं काम समजायला सोपं आहे. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. थोड्या वेळाने दुसराही त्या वाऱ्याने फिरू लागतो. माझ्या पोटात असेच दोन पंखे आहेत, फक्त वाऱ्याच्या जागी लाल तेल आहे. एक पंखा इंजिन फिरवतं, तेलाच्या लोटाने दुसरा फिरतो आणि तो चाकांना फिरवतो. मधे कुठलाही दांडा नाही. आहे ते फक्त तेल.

आता आमच्यात काही जण घट्ट पकडीचे असतात. इंजिन जरा घुमलं की लगेच चाकं ओढायला लागतात. रोजच्या रस्त्यावर असे कन्व्हर्टर गुणी. काही जण सैल पकडीचे. ते इंजिनला आधी मनसोक्त घुमू देतात आणि मग पकडतात. शर्यतीच्या पट्टीवर हे कामाचे, पण रस्त्यावर यांचं तेल तापतं आणि माणूस वैतागतो. ज्या गाडीला आठवडाभर कामावर जायचं आहे आणि शनिवारी शर्यत खेळायची आहे, तिच्यासाठी कन्व्हर्टर निवडणं म्हणजे कसोटीच. त्यातून गाडीला टर्बो असला तर विचारू नका. टर्बो हा उशिरा उठणारा गडी. इंजिनच्या धुराच्या जोरावर त्याचं चाक फिरतं, मग तो इंजिनात हवा कोंबतो, आणि मग मात्र त्याला आवरणं कठीण. पण आधी इंजिनला घुमू दिलं नाही, तर तो कूसही बदलत नाही.

माझा जन्म जॉर्जियाच्या टेकड्यांतला. तिथे एका चर्चच्या मागे मर्ल टॅकेट या माणसाचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. मर्लने मला एका मोडीत निघालेल्या गाडीतून काढलं, लेथवर माझी कड कापून दोन भाग केले, आतली वर्षांची काजळी धुतली आणि मला बाकावर उघडं ठेवलं. त्याचे हात सतत तेलाचे, म्हणून तो फोन कानाला न लावता बाकावर ठेवून मोठ्याने बोलायचा. एके दिवशी त्या फोनवर टेनेसीहून ड्युई केट्रन नावाचा माणूस बोलू लागला.

"गाडी कुठली?" मर्लने विचारलं.

"काळी ब्युइक. सहा सिलिंडर, टर्बोवाली. बायकोची आहे."

"टर्बो मूळचाच?"

"नाही, मोठा बसवलाय. तिला कधीपासून हवा होता."

"बरं. चालवते कुठे?"

"रस्त्यावर. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे ती. डोंगर ओलांडून जायचं, यायचं. रविवारी चर्च."

"आणि स्ट्रिपवर, शर्यतीला?"

 

"ते आता संपलं," ड्युई म्हणाला.

मर्लने हातातलं फडकं खाली ठेवलं. "भाऊ, मग एवढा मोठा टर्बो कशासाठी? रस्त्यापुरता घट्ट कन्व्हर्टर दिला तर तो झोपूनच राहील."

"झोपू दे. घट्टच दे तू."

मर्लने फडकं पुन्हा उचललं. मग म्हणाला, "गाडी तुझी. तू सांगशील तसा देतो."

"गाडी माझी नाही," ड्युई म्हणाला, "पण दे."

अशा रीतीने मी घट्ट झालो. मर्लने माझी पाती नीट बसवली, मला पुन्हा सांधलं, फिरवून माझा तोल तपासला आणि निळा रंग दिला. काम त्याने मनापासूनच केलं. पण मला खोक्यात ठेवताना तो स्वतःशीच म्हणाला, "बाईला विचारलंय की नाही, देव जाणे."

केट्रन नवराबायकोंचं घर एका खोऱ्यात होतं. ड्युईने काउंटीच्या रस्त्यांवर माती सपाट करणारं ग्रेडर यंत्र चालवण्यात आयुष्य घालवलं होतं आणि आता तो निवृत्त झाला होता. त्याची बायको ट्वायला. ती काळी ब्युइक तिने तरुणपणी, स्वतःच्या कमाईने घेतली होती आणि तेव्हापासून उन्हाळ्यातला बहुतेक प्रत्येक शनिवार ती स्ट्रिपवर घालवत आली होती. ड्युई पाने-हातोड्या हाताळायचा आणि चालवायची ती. त्या दोघांची ओळखच मुळी तिथे झाली. तिने त्याला हरवलं आणि त्याने तिला उकडलेल्या शेंगा खाऊ घातल्या.

मी आलो त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ट्वायलाच्या हृदयाची एक झडप निकामी झाली. ती घेवडा निवडत असताना ओट्यापाशी कोसळली. ड्युई बाहेरून आला तेव्हा नळ तसाच वाहत होता आणि ती जमिनीवर पडलेली होती. नॉक्सव्हिलच्या डॉक्टरांनी तिची छाती उघडून झडप बदलली. ऑपरेशनला नेताना तिने ड्युईचा हात धरून सांगितलं होतं, "मी परत आले तर मोठा टर्बो बसवायचा. कबूल?" तो कबूल म्हणाला होता.

मला गाडीत बसवलं त्या दिवशी ट्वायला गॅरेजच्या दारात घडीच्या खुर्चीवर बसली होती, पायांवर गोधडी, हातात गोड चहाचा पेला. इस्पितळातून तिला हृदयाच्या आकाराची लाल उशी दिली होती. खोकला आला की ती छातीवर घट्ट दाबून धरायची, म्हणजे टाके दुखत नाहीत. ड्युई गाडीखाली पाठीवर पडून मला जागेवर सरकवत होता.

"आत काय घालतोयस?" तिने विचारलं.

"कन्व्हर्टर."

"ते कळलं. कसला?"

"चांगला."

"चांगला म्हणजे?"

"मर्लकडचा आहे."

"मर्लकडचा म्हणजे बघायलाच नको," ती म्हणाली आणि चहा पिऊ लागली. ड्युई खाली पुन्हा कामाला लागला. त्याने मला हलकेच फिरवलं, दाबलं, पुन्हा फिरवलं. मी खट्‌कन माझ्या जागी बसलो. त्याच्या हातांना घाम आला होता, आणि तो नुसता कष्टाचा नव्हता.

वसंतात ट्वायला पुन्हा कामावर जाऊ लागली. मित्रांनो, ते माझे कौतुकाचे दिवस. डोंगराची चढण लांबलचक, पुढे लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक, आणि त्याच्यामागे आम्ही रांगत जायचो. माझं तेल कधी तापलं नाही. सिग्नलवरून सुटताना गाडी लोण्यासारखी निघायची. शाळेतल्या बायकांना घरी सोडताना त्या म्हणायच्या, "ट्वायला, ही शर्यतीची गाडी आहे असं वाटतच नाही गं." मला ते कौतुक वाटायचं. ट्वायला मात्र त्यावर काही बोलायची नाही. टर्बोची शीळ ऐकायला ती मधूनच पाय दाबून बघायची. शीळ यायची, पण फार उशिरा आणि फार बारीक.

मग डॉक्टरांनी तिला शर्यतीची परवानगी दिली. ड्युईने त्यांना दोनदा विचारून घेतलं. "तिला जे आनंदाने करावंसं वाटतं ते करू दे," असं ते म्हणाल्याचं तिने परतीच्या वाटेवर त्याला चार वेळा ऐकवलं. ड्युई रस्ता बघत म्हणाला, "ऐकलंय मी."

मड लिकची स्ट्रिप तंबाखूच्या शेतांमधून काढलेली सरळ डांबरी पट्टी आहे. तिथे सगळे ट्वायलाला ओळखत. तिला पाहून कोणी टोपी काढली, कोणी मिठी मारली. ब्युफर्ड स्लडर हा तिचा जुना प्रतिस्पर्धी, पोट सुटलेला, जीभ सुटलेला, मनाने मऊ. त्याने तिच्यासाठी आपल्या शेजारची जागा राखून ठेवली होती.

"मोठा टर्बो घातलास म्हणे," तो म्हणाला. "घरी जाऊ का मी आत्ताच?"

"थांब थोडा," ट्वायला म्हणाली. "हरून जा."

गाडी रेषेवर उभी राहिली. ट्वायलाचा डावा पाय ब्रेकवर, उजवा हळूहळू खाली. इंजिन वर यायला बघत होतं आणि मी त्याला धरून ठेवत होतो. मला तेवढंच शिकवलेलं होतं. टर्बो झोपलेला. तिने आणखी दाबलं, तर मागची चाकं ब्रेक असतानाही पुढे रेटू लागली. हिरवा दिवा लागला. ब्युफर्डची गाडी गर्जत निघून गेली आणि आमची ब्युइक बाजाराला निघाल्यासारखी चालू पडली. पट्टी अर्धी संपल्यावर टर्बो जागा झाला, पण तोवर समोर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पट्टीवरून परत फिरताना ब्युफर्डने खिडकीतून डोकं काढलं. "ट्वायला, दूध संपलं होतं का घरातलं? मला सांगायचंस, मी आणलं असतं."

ती हसली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. या वेळी ब्युफर्डने चेष्टा केली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

घरी जाताना तिने गाडी रस्त्याकडेला, अक्रोडाच्या झाडांखाली थांबवली. ड्युई शेजारी बसला होता.

"मर्लला काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"काय म्हणजे?"

"कन्व्हर्टर घट्ट आहे. नको तेवढा घट्ट. मर्ल असली चूक करत नाही. म्हणजे तू मागितलास."

ड्युईने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "हो."

"मी तुला विचारलं होतं. तू चांगला म्हणालास."

"तुझ्यासाठी चांगलाच आहे."

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "टर्बो या हाताने दिलास आणि त्या हाताने काढून घेतलास. त्यापेक्षा दिलाच नसतास तर मी भांडले असते, मोकळी झाले असते."

"मला तो नळ अजून ऐकू येतो, ट्वायला. भांडी घासायला गेलो की ऐकू येतो."

तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग शांतपणे म्हणाली, "ऑपरेशन माझं झालं. पण भूल अजून तुझी उतरली नाही."

त्यानंतर घरात अबोला सुरू झाला. ट्वायला ड्युईच्या जुन्या पिकअपने कामावर जायला लागली. ब्युइक गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. माझ्या पोटातलं तेल हळूहळू खाली पाझरून गेलं. उभ्या गाडीत आमचं असंच होतं, वरचा भाग कोरडा पडतो. वर उंदरांची खुडबुड चालायची. मला आधी वाटलं, मी माझं काम चोख केलं होतं, मग माझ्यावर ही पाळी का यावी. पण जितका विचार केला तितकं उलगडत गेलं. मी वाईट नव्हतो. मला निवडताना एका माणसाची भीती विचारात घेतली गेली होती आणि दुसऱ्या माणसाला विचारलंच नव्हतं.

एका सकाळी ताडपत्री सरकली. ट्वायला कामावर गेलेली होती. ड्युईने एकट्याने, गुडघ्यांना शिव्या घालत, गिअरबॉक्स उतरवला आणि मला बाहेर काढलं. मला पुसून लख्ख केलं. मग त्याने जे केलं ते मला तेव्हा चमत्कारिक वाटलं. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर मला ठेवलं आणि माझ्या शेजारी फोन.

ट्वायला संध्याकाळी घरी आली. दारातच थांबली.

"माझ्या टेबलावर हे काय?"

"कन्व्हर्टर."

"ड्युई, इथे आपण जेवतो."

"आज जेवण नंतर," तो म्हणाला. "मर्लला फोन लाव. या वेळी तू सांग. मी मधे बोलणार नाही."

तिने पर्स खाली ठेवली. हात धुतले. नळाचा आवाज आला तेव्हा ड्युई टेबलाची कड धरून उभा राहिला, हे लाकडातून मला जाणवलं. तिलाही दिसलं असावं, कारण तिने नळ लगेच बंद केला आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

मर्लने फोन उचलला. सगळं ऐकून तो म्हणाला, "बाई, तुमचीच वाट बघत होतो मी. सांगा, काय हवंय?"

"सैल," ट्वायला म्हणाली. "ब्युफर्ड स्लडरकडे आहे तसा. इंजिन पार वर जाऊ दे."

"ब्युफर्ड गाडी ट्रेलरवर घालून आणतो. तुम्ही?"

"चालवत नेते."

"आणि कामावर?"

"चालवतच. डोंगरावरून. ट्रकच्या मागे."

"मग तसला सैल घातलात तर त्या चढणीवर तेल उकळेल. शिवाय टर्बोच्या गाडीचं गणित वेगळं असतं. त्याला जागं होण्यापुरती ढील द्यायची, बस. एकदा जागा झाला की तो आपल्या जोराने कन्व्हर्टरला आणखी वर रेटतो. आधीपासूनच भरमसाट सैल ठेवला तर पट्टीच्या शेवटी सगळा जोर तेलात घुसळून वाया जातो. आता मला एक खरं सांगा. शनिवारी पट्टीवर गाडीच्या किती धावा करणार?"

"पूर्वी करायचे तेवढ्याच. सात-आठ."

ड्युई बोलला नाही. त्याने शब्द दिला होता.

"बाई," मर्ल म्हणाला, "मी लोकांना हाच प्रश्न विचारतो आणि सगळे मला फुगवून सांगतात. मग मी त्यांच्या गप्पांसाठी कन्व्हर्टर बनवतो, आणि गाडी दुसरीच निघते. तुम्हाला तसा हवाय का?"

  ट्वायला टेबलाकडे बघत बोलू लागली.

"दोन धावा. फार तर तीन. शाळेत दुपारचं जेवण वाढून झालं की मी कोठीत जाते आणि पिठाच्या पोत्यांवर आडवी पडते. कामावरच्या मुलींना सांगून ठेवलंय, कोणी आलं तर हाक मारा. हे ड्युईला माहीत नाही."

"माहीत नव्हतं," ड्युई म्हणाला.

"तू मधे बोलणार नव्हतास."

"नाही बोलत."

पण त्याने हात पुढे केला आणि तो हात माझ्या गार पाठीवरून सरकत तिच्या हातापर्यंत गेला. तिने तो धरला. दोघांचे हात माझ्यावरच विसावले होते. मला आजवर एवढ्या हलक्या हाताने कोणी धरलेलं नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू गाडीची किल्लीच विहिरीत टाकली असतीस."

"टाकली असती," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

फोनवर मर्ल खाकरला. "मी आहे अजून इथे. म्हणजे ठरलं तर. मधला. टर्बोला उठवेल आणि तुम्हाला डोंगरही चढवेल. तेल थंड ठेवायला पुढे एक कूलर लावा. तेवढं ड्युईचं काम."

"दोन लावतो," ड्युई म्हणाला.

"एक पुरे," ट्वायला आणि मर्ल एकदमच म्हणाले.

मी पुन्हा जॉर्जियाला गेलो. मर्लने माझी कड दुसऱ्यांदा कापली. हे दुखतं का, असं तुम्ही विचाराल. ज्या कामासाठी आपण घडलो ते मोडून पुन्हा घडायचं, हे कोणालाही सोपं जात नाही. त्याने माझ्या पात्यांचा कल बदलला, दोन पंख्यांमधलं, तेलाला वळण देणारं छोटं चक्र काढून दुसरं बसवलं, पुन्हा सांधलं, पुन्हा तोललं. निळ्या रंगावर निळाच रंग चढला. बाहेरून कोणाला काही कळलं नसतं.

पानं पिवळी पडू लागली तेव्हा आम्ही परत मड लिकला गेलो. वाटेत त्या चढणीवर ओंडक्यांचा ट्रक होताच. माझं तेल तापलं, पण उकळलं नाही. पूर्वीचा लोण्याचा गुळगुळीतपणा थोडा गेला होता, सुटताना मी किंचित रेंगाळायचो. शाळेतली एक बाई म्हणालीसुद्धा, "काहीतरी बदललंय गाडीत." ट्वायला म्हणाली, "हो, बदललंय."

रेषेवर ब्युफर्ड शेजारी होता. ट्वायलाने ब्रेक दाबला आणि उजवा पाय खाली नेला. या वेळी मी इंजिनला अडवलं नाही. ते चढत गेलं, आणि समोरून टर्बोची शीळ आली. आधी बारीक, मग भरदार, मग गाडीभर पसरलेली. माझ्या पोटातलं तेल पिळवटून निघालं. चाकं जागची हलली नाहीत. ट्वायलाचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो संथ होता. हिरवा दिवा लागला. तिने ब्रेक सोडला आणि मी पकड घेतली.

आम्ही जिंकलो. फार अंतराने नाही, ब्युइकच्या नाकाएवढ्याच. दुसऱ्या धावेत ब्युफर्ड जिंकला आणि त्याने ते अख्ख्या मैदानाला सांगितलं. तिसऱ्या धावेसाठी गाड्या रांगेला लागल्या, तेव्हा ट्वायला ब्युइकमधून उतरली आणि ड्युईच्या हातात किल्ली ठेवली.

"दमले," ती म्हणाली. "घरी तू चालव."

ड्युई ते ऐकून जितका सुखावला तितका त्या शिळेनेही सुखावला नसेल. ती स्वतःहून दमले म्हणाली होती. आता त्याला तिच्या चेहऱ्यावर सारखी नजर ठेवायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी डोंगर उतरताना तो इतका हळू चालवत होता की मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला. ट्वायला शेजारच्या सीटवर झोपी गेली होती. ड्युईने खिडकीतून हात काढून त्याला पुढे जायची खूण केली.

तशी पुष्कळ वर्षं गेली. दर हिवाळ्यात मर्लचा फोन यायचा आणि तो तेच प्रश्न पुन्हा विचारायचा. तीन धावांच्या दोन झाल्या, दोनांची एक. ट्वायला आता फुगवून सांगत नसे आणि ड्युई दाबून सांगत नसे. माझं तेल दरवर्षी वेळेवर बदललं गेलं.

आणि मग, ज्याला सगळ्यांची काळजी तोच आधी गेला. ड्युई घेवड्याच्या मांडवाखाली बसला होता, तिथेच गेला. हातात करंडी होती. चेहरा शांत होता, असं शेजारणी म्हणत होत्या.

दफनाच्या दिवशी पाद्रीबाबांनी ट्वायलाला सांगितलं, आमच्या गाडीत बसा, चालवायचं कशाला. ती म्हणाली, "माझी गाडी आहे ना." शेजारी ब्युफर्ड बसला, कोट बटणांत मावत नव्हता, मांडीवर नंतरच्या जेवणासाठी बटाट्याच्या कोशिंबिरीचं मोठं भांडं. शवगाडीच्या मागे ब्युइक निघाली. दफनभूमी डोंगराच्या माथ्यावर आहे. माणूस चालेल त्या गतीने ती अख्खी चढण चढायची होती. समोरून येणाऱ्या गाड्या आमच्याकडच्या रीतीप्रमाणे रस्त्याकडेला थांबत होत्या, माणसं टोप्या काढत होती. ओंडक्यांचा एक ट्रकही थांबला.

मित्रांनो, मी वेगासाठी ओळखला जातो. पण माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोलाचं काम मी त्या दिवशी केलं, आणि ते सर्वांत हळू होतं. नुसता शर्यतीचा कन्व्हर्टर असता तर त्या गतीला गाडी हिसके देत चालली असती, तेल उकळलं असतं, मधेच थांबावं लागलं असतं. मी एकही हिसका दिला नाही. तिच्या पायाने जेवढं मागितलं तेवढंच पुढे दिलं.

अर्ध्या चढणीवर ब्युफर्ड म्हणाला, "किती मऊ चालतेय गं ही."

"हो," ट्वायला म्हणाली. "कन्व्हर्टर आम्ही दोघांनी मिळून निवडला होता."

ब्युफर्डने भांडं घट्ट धरलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझी पाती झिजली आहेत आणि जास्त तापलो की मला थांबावं लागतं. ट्वायलाही थांबते, तिला घाई नसते. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या गाडीत माझ्यासारखं कोणी अंधारात राबत असेल, त्याचं तेल वेळच्या वेळी बदला. एवढं माझ्या जातीसाठी मागतो. दुसरं मागणं तुमच्या माणसांसाठी आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी काही निवडायची वेळ आली, तर आधी त्याला विचारा. तुम्हाला कोणी विचारलं, तर खरं तेच सांगा, फुगवू नका आणि लपवू नका. आणि एकदा विचारून झालं म्हणून निश्चिंत बसू नका. माणसाचं उत्तर दरवर्षी थोडं बदलतं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.